पितळी बॅटरीवरचा पुसलेला ‘स’

पाठ्यपुस्तकात जिला ‘विजेरी’ म्हणतात आणि घरोघरी ‘बॅटरी’, ती हातात धरायची टॉर्च मी गेल्या पावसाळ्यात स्वतः बनवली. भोसरीत एका ओळखीच्या टर्नरचं छोटं वर्कशॉप आहे, त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांच्या लेथवर पितळेचा गज लावला, १८ मिलिमीटर जाडीचा लिथियम सेल सैलसर बसेल एवढं भोक आरपार पाडलं, दोन्ही टोकांना आटे पाडले, पकड राहावी म्हणून मधल्या भागावर नर्लिंगची खरखरीत नक्षी उठवली. मग हौस म्हणून भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून छिन्नी-हातोडीने एक ‘स’ घालून घेतला. तो तिरका बसला.

तिरका ‘स’ डोळ्यांत खुपायला लागल्यावर तो भाग घासून काढला. आधी कानस, मग २४० नंबरचा पॉलिश पेपर, ४००, ८००, २०००, शेवटी बफ, म्हणजे फिरतं कापडी चाक. ‘स’ गेला आणि तिथे माझं नाक दिसायला लागलं. नंतर बुद्धी फिरली आणि नळीला जुनाट रंग आणावा म्हणून फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणात बुडवलेला बोळा तिच्यावरून फिरवला. दोन मिनिटांत तोच तिरका ‘स’ पुसटसा, पण स्पष्ट वाचता येईल असा परत हजर!

मामा म्हणाले, “घासून गेलेलं परत येत नसतं, साहेब. ही काहीतरी भानगड आहे.”

भानगड आहेच, पण भुताची नाही. ती समजायची तर ‘पॉलिश’ या शब्दाने करून ठेवलेला घोळ आधी निस्तरावा लागेल. आपण पॉलिश ‘चढवतो’ किंवा ‘मारतो’, जणू वरून काही लावायचं असतं. कल्हई खरोखर लावतात, भांड्यावर कथलाचा थर बसतो. चिंचेने पितळ घासतो तेव्हा आम्ल वरचा काळपट ऑक्साइड विरघळवतं, ती शुद्ध रसायनाची करामत. धातूच्या पॉलिशमध्ये मात्र काहीच चढत नाही. उलट धातू जातो आणि ओरखडे राहतात, फक्त लहान होत जातात.

किती लहान? ४०० नंबरच्या पेपरवरचा कण साधारण ३५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), २००० नंबरचा १० मायक्रॉनचा. त्याने पडणारा ओरखडा कणाच्या मानाने पुष्कळच उथळ असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. लॉर्ड रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचा एक सोपा निकष आहे: पृष्ठभागाचे उंचवटे तरंगलांबीच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असले, तर प्रकाशाच्या लेखी तो पृष्ठभाग सपाट. हिरव्या प्रकाशासाठी हा आकडा येतो सुमारे ७० नॅनोमीटर, म्हणजे ०.०७ मायक्रॉन. हा निकष समोरून पडणाऱ्या प्रकाशाचा, तिरक्या प्रकाशाला तो सैल होतो. करून पाहा: ८०० नंबरने घासलेली मळकट दिसणारी पट्टी डोळ्याच्या पातळीला आडवी धरा आणि तिच्यावरून खिडकीकडे नेम धरल्यासारखं बघा. खिडकी दिसेल. पट्टी सरळ केली की गायब.

आता माझ्या आवडीचा भाग. ओरखडे लहान कसे होतात यावर शास्त्रज्ञ दोनशे वर्षांहून जास्त काळ भांडले. काचेच्या पॉलिशबद्दल न्यूटनचं मत सरळ होतं: बारीक कण बारीक ओरखडे पाडतात, बस्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बिल्बी या स्कॉटिश रसायनज्ञाने वेगळंच सांगितलं. त्याच्या मते घासताना धातूचा वरचा पातळ थर द्रवासारखा वाहतो आणि लोणी पसरावं तसा खळगे बुजवतो. त्याचा एक पुरावा अगदी माझ्या ‘स’सारखा होता. चकचकीत पृष्ठभागावर आम्ल टाकलं की गेलेले ओरखडे परत दिसतात, म्हणजे ते थराखाली झाकलेले होते!

मग १९३७ मध्ये केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूज यांनी चक्क कापूर घेतला. कापूर मऊ, वितळतो सुमारे १७५ अंशांना. त्यांनी वेगवेगळे धातू कापराने घासून पाहिले. सुमारे ७० अंशांना वितळणाऱ्या ‘वूड्‌स मेटल’ या मिश्रधातूला कापराने झिलई आली. २३२ अंशांना वितळणाऱ्या कथलाला आली नाही, ३२७ अंशांच्या शिशालाही नाही, आणि शिसं तर नखाने खरवडता येतं. त्यांचा निष्कर्ष असा, की कोण जास्त कठीण हा प्रश्न नाही, कोण आधी वितळतो हा आहे. घासताना टेकणारे बिंदू इतके सूक्ष्म असतात की तिथे क्षणभर प्रचंड तापमान होतं. बिल्बीची बाजू भक्कम झाली.

ती पुढे ढासळवली ऑस्ट्रेलियाच्या लिओनार्ड सॅम्युएल्स यांनी. त्यांनी पॉलिश केलेला धातू अगदी तिरका कापून त्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिरक्या कापाने खोली ताणली जाते, काकडी तिरकी चिरली की चकती लांबट होते तशी. वाहिलेला, बुजवणारा थर त्यांना सापडला नाही. सापडले बारीक ओरखडेच, आणि त्यांच्याखाली खोलवर चेपलेला धातू. न्यूटन बराचसा बरोबर होता. तरी कापराचा प्रयोग मला टाकवत नाही. उष्णतेने धातू मऊ पडून कामाला मदत होत असणारच, आणि इतका स्वस्त नि धारदार प्रयोग क्वचित सुचतो.

तर ‘स’. छिन्नी बसते तेव्हा खाचेतला धातू कुठे जातो? बाजूला आणि खाली दाबला जातो. धातू म्हणजे अणूंच्या रांगांचे स्फटिक, आणि त्या रांगांतल्या चुकलेल्या ओळींना ‘डिस्लोकेशन’ म्हणतात. तापवून सावकाश निवू दिलेल्या धातूत एका चौरस सेंटिमीटरमधून अशा दहा लाख ते दहा कोटी ओळी जातात, जोरात ठोकलेल्या धातूत हा आकडा एक लाख कोटींपर्यंत जाऊ शकतो. प्रत्येक चुकीच्या ओळीत थोडी ऊर्जा कोंडलेली असते, म्हणून तिथले अणू आम्लात आधी सुटतात. मी खाच घासली, पण तिच्याखालचा चेपलेला धातू तसाच राहिला. फेरिक क्लोराइडने तो आधी खाल्ला आणि अक्षर उमटलं. चोरीच्या गाडीचा घासून काढलेला चासी नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळा याच तत्त्वावर वाचते, फक्त पोलादासाठी द्रावण वेगळं असतं.

घरी करणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं. पेपर बदलला की घासण्याची दिशा काटकोनात फिरवा. मागचे ओरखडे दिसेनासे झाले तरी थांबू नका, खालचा चेपलेला थर जायचा असतो. आणि मधे जॉब, म्हणजे घासायची वस्तू, धुवा, कारण ४०० चा एक चुकार कण २००० च्या मेहनतीवर पाणी फिरवतो. टायटॅनियम घेतलात तर बफाची लाल वडी, म्हणजे लोहाचा ऑक्साइड, उपयोगाची नाही. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी घ्या. टायटॅनियमचा भुसा साठू देऊ नका, तो पेटतो.

मामांकडे येणाऱ्या एकाने सुचवलं, “पुढची तांब्याची करा, हातात धरली की सांधेदुखी जाते.” यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताच्या रुग्णांना तांब्याची कडी घालून चाचणी केली होती. २०१३ मध्ये निकाल आला: खोट्या कड्यांपेक्षा फरक शून्य. तांब्याचा खरा गुण म्हणजे ते उष्णता पितळेच्या तिपटीहून जास्त वेगाने वाहून नेतं, आणि एलईडी जितका गार तितका टिकतो. मनगटावर काय होतं ते सोडा.

मामांना हे सगळं समजावल्यावर त्यांनी एकच विचारलं, “मग तापवू का?” प्रश्न बिनचूक होता. पाचशे-सहाशे अंशांना तापवलं की पितळेत नवे स्फटिक तयार होतात, चुकलेल्या ओळी मिटतात आणि ‘स’ कायमचा जातो. पण नळी मऊ पडते आणि तिच्याबरोबर आटेही. ते पाडायला अख्खा शनिवार गेला होता.

“राहू द्या,” मी म्हटलं.