प्रगत कर्करोगातील अखेरच्या काळजीचे ऑनलाइन पूर्वनियोजन

शरीरात पसरलेला, बरा होण्याची शक्यता न उरलेला कर्करोग असताना पुढे कोणते उपचार घ्यायचे, कोणते नाकारायचे, शेवटचे दिवस कुठे काढायचे आणि बोलण्याची शुद्ध राहिली नाही तर निर्णय कोणी घ्यायचा, हे रुग्णाने आधीच ठरवून घरच्यांना व डॉक्टरांना सांगून ठेवणे म्हणजे अखेरच्या काळजीचे पूर्वनियोजन. संकेतस्थळे, चित्रफिती, टप्प्याटप्प्याने पुढे नेणाऱ्या प्रश्नावल्या, व्हिडिओ कॉलवरचा सल्ला आणि संगणकीकृत वैद्यकीय नोंदी यांची त्यासाठी मदत घेतली जाते.

शिकागोतील वकील लुईस कुटनर यांनी १९६९ मध्ये एका विधिविषयक नियतकालिकात ‘लिव्हिंग विल’ची, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राची, कल्पना मांडली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाने तिला कायद्याचे रूप दिले. त्यानंतर बराच काळ सगळा भर कागदावर राहिला. अमेरिकेतील पाच रुग्णालयांत गंभीर आजाराच्या सुमारे नऊ हजार रुग्णांवर झालेल्या ‘सपोर्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षित परिचारिकांमार्फत रुग्णांच्या इच्छा आणि आजाराचे भाकीत डॉक्टरांपर्यंत पोचवले गेले, तरी प्रत्यक्ष उपचारांत फरक पडला नाही. आजच्या ऑनलाइन साधनांकडे पाहताना हा जुना अनुभव विसरून चालत नाही.

कर्करोगात या नियोजनाला घाई असते. हृदयविकारात किंवा स्मृतिभ्रंशात घसरण वर्षानुवर्षे चालते. कर्करोगाचे अनेक रुग्ण मात्र बरेच महिने हिंडतेफिरते असतात आणि मग काही आठवड्यांतच अंथरुणाला खिळतात. शेवटच्या दिवसांत भ्रमावस्था वारंवार येते, तेव्हा विचारून काही कळत नाही. त्यातच आपल्या आजाराचे स्वरूप अनेकांना पुरते ठाऊक नसते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, चौथ्या टप्प्याच्या आजारासाठी केमोथेरपी घेणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८१ टक्के रुग्णांना, या औषधांनी आजार बरा होण्याची शक्यता नाही हे उमगले नव्हते. हा गैरसमज कोणतेही संकेतस्थळ दूर करू शकत नाही. ‘तुमच्यापाशी वेळ थोडा आहे’ हे सांगण्याचे काम रुग्णाला ओळखणाऱ्या डॉक्टरांचेच.

मोबाइल-संगणकाच्या पडद्याचा उपयोग त्या बोलण्याच्या आधी आणि नंतर होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील रेबेका सुडोर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेले ‘प्रिपेअर’ हे संकेतस्थळ यातील सर्वांत अभ्यासलेल्या साधनांपैकी एक. सोप्या भाषेतील चित्रफितींतून ते पाच पायऱ्या दाखवते: निर्णय घेणारी व्यक्ती निवडणे, आयुष्यात काय मोलाचे वाटते ते ठरवणे, त्या व्यक्तीला किती मोकळीक द्यायची ते सांगणे, इतरांना कळवणे आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारणे. यातली तिसरी पायरी सर्वांत कामाची, कारण कागदावर न लिहिलेला प्रसंग हमखास उभा राहतो. तेव्हा मुलीने किंवा नवऱ्याने शब्दशः वागायचे की परिस्थिती पाहून, हे रुग्णानेच सांगितलेले असले तर त्यांच्या मनावरचा भार हलका होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९८६ वयस्कांच्या चाचणीत हे संकेतस्थळ आणि वैद्यकीय इच्छापत्राचा सोपा अर्ज दोन्ही मिळालेल्यांपैकी ४३ टक्क्यांच्या वैद्यकीय नोंदीत नियोजनाची नवी नोंद झाली. फक्त अर्ज मिळालेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. हे सगळे कर्करोगाचे रुग्ण मात्र नव्हते.

युरोपातील सहा देशांत फुप्फुसाच्या व आतड्याच्या प्रगत कर्करोगाच्या १,११७ रुग्णांवर झालेल्या ‘ॲक्शन’ चाचणीत प्रशिक्षित व्यक्तीने समोर बसून याच नियोजनाबद्दल संवाद साधला होता. २०२० मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार जीवनमानात सुधारणा दिसली नाही. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना व त्रास कमी करणाऱ्या काळजीच्या, तज्ज्ञांपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण मात्र वाढले. समोरासमोरच्या संवादाची ही गत असेल, तर निव्वळ ऑनलाइन अर्जाकडून फार मोठी अपेक्षा धरणे बरे नव्हे.

सर्वसाधारण साधनांतील एक उणीव कर्करोगाच्या रुग्णांना लगेच जाणवते. प्रश्न बहुधा व्हेंटिलेटर आणि सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) यांभोवती फिरतात. प्रत्यक्षात निर्णय घ्यावे लागतात ते वेगळेच: केमोची पुढची फेरी घ्यायची की थांबायचे, पोटात साठणारे पाणी किती वेळा काढायचे, ताप आला की दर वेळी भरती व्हायचे का, खाणे बंद झाले तर नळी घालायची का, वेदना आवरेनात तर गुंगीत ठेवलेले चालेल का. कर्करोगासाठी खास केलेल्या साधनात हे प्रश्न असायलाच हवेत. शिवाय मध्येच थांबण्याची, नंतर परत येण्याची आणि मन अस्वस्थ झाल्यास जाणकार माणसाशी बोलण्याची सोय हवी. रात्री एकट्याने असे प्रश्न वाचणे सोपे नसते.

आणखी एक अडचण घरातलीच आहे. मोबाइल बहुधा नातेवाईक हाताळतात, त्यामुळे उत्तरे रुग्णाची की त्यांची, हे कळायला मार्ग राहत नाही. व्हिडिओ कॉलवरही शेजारी कोण बसले आहे हे आधी विचारून, काही वेळ रुग्णाशी एकट्याने बोललेले बरे.

भरलेला अर्ज ई-मेलमध्ये पडून राहिला, तर रात्री आलेल्या रुग्णवाहिकेला त्याचा उपयोग नाही. म्हणून अमेरिकेतील ओरेगन राज्यात २००९ पासून, रुग्णाच्या इच्छेनुसार डॉक्टरांनी लिहिलेल्या वैद्यकीय आदेशांची मध्यवर्ती नोंदवही आहे. लंडनमध्ये २०१० साली ‘कोऑर्डिनेट माय केअर’ ही सामायिक नोंदपद्धती सुरू झाली. २०२२ मध्ये तिची जागा दुसऱ्या पद्धतीने घेतली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये अटी शिथिल करताना ते डिजिटल आरोग्य नोंदीत जोडण्याची मुभाही दिली. साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढील साक्षांकन मात्र सुटलेले नाही. देशोदेशीचे नियम वेगळे असल्याने संकेतस्थळावरून उतरवलेला अर्ज आपल्याकडे चालतो का, हे आधी तपासावे लागते. नवा स्कॅन, बदललेले औषध किंवा अचानक झालेली भरती यानंतर इच्छा बदलू शकतात. अशा वेळी तारीख घालून नवी प्रत करावी आणि डॉक्टर, नातेवाईक व नोंदवही अशा सगळ्या ठिकाणची जुनी प्रत बदलून घ्यावी.