पोस्त, बक्षिसी आणि उशीवरची नोट

मुंबईत कुणी 'काल हॉटेलात गेलो होतो' म्हणालं, तर समोरचा 'काय खाल्लंस?' असं विचारतो. 'खोली कितव्या मजल्यावर होती?' असं नाही. आपल्या भाषेत हॉटेल म्हणजे खायची जागा, राहायची ती लॉज. त्यामुळे टिप म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बिलाची ताटली, तिच्यातली बडीशेप आणि उठता उठता सुटे ठेवणारा हात. खोली झाडणाऱ्याला, चादर बदलणाऱ्याला काही द्यायचं असतं का, आणि किती, हा प्रश्न आपल्याकडे उशिरा आला. तो परदेशातून आला असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे.

या टिपेचं मूळ हॉटेलात नाही, पाहुणचारात आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बड्या घरी मुक्कामाला गेलेल्या पाहुण्याला निघताना यजमानाच्या नोकरांना पैसे द्यावे लागत. त्यांना 'व्हेल्स' म्हणत. नोकरमंडळी दारापर्यंत रांगेनं उभी असायची आणि पाहुणा खिसा चाचपत तिच्यातून वाट काढायचा. बेताच्या कमाईची माणसं या धास्तीनं आमंत्रणंच टाळू लागली. 1760 मध्ये जोनास हॅनवेनं या प्रथेविरुद्ध लेखणी उचलली (लंडनच्या रस्त्यात छत्री उघडून हिंडणारा पहिला पुरुष म्हणून ज्याचं नाव निघतं, तोच हा). काही मालकांनी प्रथा बंद करायचं ठरवलं, तेव्हा 1764 मध्ये लंडनच्या रॅनले बागेत नोकरांनी दंगा केला. त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. मालक पगार ठरवायचे तोच ही वरकमाई धरून, आणि आता वरचं तेवढं काढून घेत होते.

'टिप' हा शब्दही तिकडच्या चोरांच्या बोलीतला, अर्थ 'देणे'. तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून तो झाला ही गोष्ट व्हॉट्सॅपवर दर दिवाळीत फिरते. ती रचलेली आहे.

आपल्याकडे यासाठी शब्दांची कधीच वाण नव्हती. फारसीतून आलेलं बक्षीस, त्याचीच धाकटी बहीण बक्षिसी; चहापाणी; आणि जरा वाकड्या नजरेनं म्हटलं जाणारं चिरीमिरी. यात मला सगळ्यात जवळची वाटते ती दिवाळीतली पोस्त. पोस्टमन, झाडूवाला, भांडीवाल्या मावशी, सगळ्यांना वर्षातून एकदा. महानगरपालिकेचे कर्मचारी दिवाळीच्या तोंडावर ज्या सानुग्रह अनुदानाची वाट बघतात, तेही स्वभावानं याच घराण्यातलं. पण पोस्तीमागे वर्षभराची ओळख असते. एका रात्रीच्या मुक्कामाला ती कशी लागू करायची?

त्यालाही आपल्याकडे रीत होती. आमची आत्या पुण्याहून गिरगावात आमच्याकडे आठ-आठ दिवस राहायला यायची. निघताना आम्हा मुलांच्या मुठीत खाऊला नोट कोंबायची, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडीवाल्या बाईंच्या हातावर काहीतरी ठेवायची. 'माझ्यामुळे तुला आठ दिवस जास्तीचं पडलं ना गं.' व्हेल्स म्हणजे नेमकं हेच. तिथं रांग होती, इथं पदराआडून, एवढाच फरक. तीच आत्या पुढे यात्रा कंपनीबरोबर हिंडताना हॉटेलात चार-चार रात्री राहिली. खोली आवरणाऱ्याला कधी काही दिल्याचं मला आठवत नाही. कंजूषपणा नव्हता. तो माणूस तिला भेटलाच नाही.

मुंबईच्या मोठ्या हॉटेलांच्या सुरुवातीलाही या प्रथेला फार जागा नव्हती. काळ्या घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल 1871 मध्ये सुरू झालं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडातून घडवून आणलेला. पण तेव्हा हिंदुस्थानात फिरणारा साहेब आपला 'बेअरर' स्वतःच नेमायचा. अंथरूण घालणं, कपडे काढून ठेवणं, जेवताना मागं उभं राहणं, सगळं त्याच्याकडे. महिन्याचा पगार साहेबाकडूनच, मग खोलीसाठी वेगळी बक्षिसी कोणाला? 1896 मध्ये मार्क ट्वेन मुंबईत उतरला तेव्हाचा एक प्रसंग त्यानं लिहून ठेवलाय. हॉटेलच्या खोलीत बाल्कनीच्या काचेच्या दाराशी एक नोकर गुडघे टेकून काम करत होता. सोबतच्या धिप्पाड जर्मनाला काहीतरी खटकलं. त्यानं आधी नोकराच्या जबड्यावर ठोसा दिला, आणि काय चुकलं ते नंतर सांगितलं. ट्वेनला त्यावरून आपल्या लहानपणीची अमेरिकेतली गुलामगिरी आठवली. मुंबईतल्या खोली आवरणाऱ्या माणसाची इतकी जुनी नोंद मला दुसरी माहीत नाही, आणि तिच्यात त्याच्या वाट्याला हे आलं.

1903 च्या डिसेंबरात ताज उघडलं. हॉटेलचा स्वतःचा नोकरवर्ग वाढत गेला, खासगी बेअरर मागं पडले. या कामात गोव्याची माणसं पुष्कळ. धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या नावानं चालणाऱ्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहून ती बोटींवर आणि हॉटेलांत नोकऱ्या करायची. मराठी मध्यमवर्ग मात्र उतरायचा नातेवाइकांकडे, नाहीतर सरदारगृहासारख्या ठिकाणी. क्रॉफर्ड मार्केटजवळची ही तीच इमारत, जिथं 1920 मध्ये टिळकांनी देह ठेवला.

आज आपण ज्याला टिपेचा शिष्टाचार म्हणतो तो बराचसा अमेरिकेत घडला, आणि त्याची कथा फारशी शिष्ट नाही. गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीनं झोपायच्या रेल्वेडब्यांत अंथरुणं घालायला कृष्णवर्णीय माणसं घेतली. पगार तुटपुंजा, बाकीचं प्रवाशांच्या मर्जीवर. त्यांची संघटना 1925 मध्ये उभी राहिली आणि कंपनीशी करार व्हायला 1937 उजाडलं. त्याआधी टिपेवर बंदी घालूनही पाहिली गेली: वॉशिंग्टन राज्यानं 1909 मध्ये कायदा केला, 1913 मध्ये मागं घेतला. अगदी अलीकडे, 2014 मध्ये, मॅरियट हॉटेलांनी अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे 1,60,000 खोल्यांत हाउसकीपिंगच्या टिपेसाठी पाकिटं ठेवली. लोकांनी लगेच विचारलं, पगारच का वाढवत नाही? 1764 च्या भांडणात फक्त बाजू बदलल्या होत्या.

आपल्याकडे कायद्यानं अलीकडे या पैशाकडे दोनदा नीट पाहिलं. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयटीसीच्या खटल्यात सांगितलं की ग्राहकानं दिलेली टिप हॉटेलनं गोळा करून वाटली तरी तो पगार नव्हे. हॉटेलनं त्यावर पगाराप्रमाणे कर कापायचा नाही. मग ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये म्हटलं की बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. दोन्हीकडे मुद्दा निघतो बिलाचा. खोली आवरणाऱ्याकडे बिलच नसतं, त्यामुळे या वादांत तो कुठे दिसत नाही.

आता किती, ते. टक्केवारी इथं निरुपयोगी आहे. खोली 2,000 ची असो की 20,000 ची, गादी तितकीच जड असते. माझा अंदाज असा: साध्या लॉजवर रात्रीला 20 ते 50 रुपये, मधल्या हॉटेलात 50 ते 100, पंचतारांकितात 100 ते 200. पोरांनी केक गादीवर कापला असेल तर थोडे जास्त. द्यायचे रोजच्या रोज, कारण एका पाळीत दहा-पंधरा खोल्या उरकणारा माणूस उद्या वेगळ्या मजल्यावर असू शकतो. शेवटच्या दिवशी ठेवलेले पाचशे ज्यानं चार दिवस न्हाणीघर घासलं त्याला मिळतीलच असं नाही. रिसेप्शनवर देऊ नयेत. यूपीआयमुळे खिशात सुटे उरले नाहीत ही तक्रार मीही करतो, पण येताना टॅक्सीवाल्याकडून मोडून घेणं काही अवघड नसतं.

आणि एक चिठ्ठी हवी. दोन वर्षांपूर्वी अंधेरीतल्या एका हॉटेलात मी सकाळी उशीवर शंभराची नोट ठेवून बाहेर पडलो. संध्याकाळी ती टेबलावर, पेनाखाली, घडी उलगडून सरळ केलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, कमी पडले असावेत. मग लिफ्टपाशी ट्रॉलीवाल्या दादांनाच विचारलं. ते हसले. 'साहेब, पडलेले पैसे आम्ही उचलत नाही. जाताना गेटवर झडती असते.' तिसऱ्या दिवशी हॉटेलच्याच पॅडवर लिहिलं, 'खोली आवरणाऱ्यांसाठी', आणि खाली सही केली. संध्याकाळी नोट नव्हती, आणि चिठ्ठीही नव्हती.