दृश्य विचार (अध्ययन-अध्यापनातील)

चित्र, आकृती, नकाशा किंवा आलेख यांच्या आधारे अर्थ लावणे, तुलना करणे, अनुमान काढणे म्हणजे दृश्य विचार. धड्याला शोभा म्हणून जोडलेले चित्र यात मोडत नाही. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने १६५८ मध्येच मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढले होते; मात्र पाहणे हीच विचाराची क्रिया आहे, अशी सविस्तर मांडणी कलामानसशास्त्रज्ञ रूडॉल्फ आर्नहाइम यांनी १९६९ मध्ये केली.

बडोद्यात या दृष्टीला राजाश्रय लवकर मिळाला. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले. तेथे चित्रकला आणि यंत्रविद्या एकाच संस्थेत शिकवल्या जात; दादासाहेब फाळके हे तिथलेच विद्यार्थी. पुढे १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन बडोद्यात आले. त्यांनी घडी बसवलेल्या ग्रंथालय खात्याला दृश्य शिक्षणाची स्वतंत्र शाखा होती. जादूचा कंदील (काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणारे यंत्र) आणि चलच्चित्रे घेऊन ती निरक्षरांपर्यंत पोचे. ग्रंथालयाने वाचता न येणाऱ्यांचीही सोय पाहावी, हे आजही विरळाच. अर्थात प्रेक्षक तिथे नुसते पाहत. हाताने काढून पाहण्याची पायरी शाळेकडेच राहिली.

ती पायरी समोच्च रेषांच्या धड्यात नेमकी दिसते. ‘समान उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा’ ही व्याख्या मुले घोकतात आणि नकाशापुढे अडतात. बडोद्याजवळचा पावागड बहुतेकांनी पाहिलेला असतो. माचीपर्यंत गाडी जाते, तिथे जरा सपाटी, पुढे कालिकामातेच्या देवळापर्यंत पुन्हा चढ. हा डोंगर आधी बाजूने आणि मग वरून काढायला सांगितला, की चढावर रेषा दाटतात, माचीपाशी विरळ होतात. रेषा एकमेकींना छेदणार का, हा प्रश्न मग मुलेच विचारतात. घरी मराठी आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी असलेल्या मुलाला शब्द अडला, तरी त्याला काय कळले ते आकृतीतून दिसते.

काही मुले जात्याच ‘दृश्य पद्धतीने’ शिकतात, म्हणून त्यांना तसेच शिकवावे, हा लोकप्रिय समज मात्र प्रयोगांत टिकलेला नाही. अनावश्यक चित्रांनी भरलेल्या स्लाइडने लक्ष उलट फाटते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आकृतीचे काम उठावाचे, म्हणजे स्पर्शाने कळणाऱ्या उंचवट्यांचे नकाशे करतात. समोच्च रेषा बोटांनाही वाचता येतात.