'विस्तार शिक्षण' म्हणजे शेतीचं बी.एड. नव्हे

बारावीनंतर कृषीला जाणाऱ्या पोरांच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "विस्तार शिक्षण घे, म्हणजे मास्तर होशील, नाहीतर वरून बी.एड. कर, कॉलेजात चिकटशील." दोन्ही चूक.

घोळ नावातल्या 'शिक्षण' या शब्दाचा आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत हा विभाग आहे, पण त्याचा विद्यार्थी वर्गातला नाही, बांधावरचा. पन्नाशीच्या शेतकऱ्याला नवी गोष्ट पटवायची कशी, हा तिथला अभ्यास. चौथ्या वर्षी 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या', म्हणजे कृषी पदवीची मुलं-मुली, गावात येतात, ते याचंच प्रात्यक्षिक. देवळासमोर रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात. गुळाच्या पाण्यात रायझोबियम हे जिवाणू खत कालवून सोयाबीनला चोळतात आणि बियाणं सावलीत सुकवायला सांगतात. उन्हात का नाही, हे आजोबांनी विचारलं की खरी परीक्षा! (जिवाणू मरतात, म्हणून.)

आता बी.एड. ही पदवी शाळेसाठी. कृषी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला ती लागत नाही. तिथे आधी त्या-त्या विषयात एम.एस्सी. हवी: मृदशास्त्र, कीटकशास्त्र, काहीही. शिवाय कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची नेट ही पात्रता परीक्षा किंवा नियमांत बसणारी पीएच.डी. विस्तार शिक्षणवाल्यालाही हीच वाट, वेगळी सवलत नाही. बी.एड.चे पैसे भरण्याआधी एवढं जाहिरातीत वाचून घ्या. पात्रतेचा रकाना तिथे असतोच.