चेपून निघालेले न्यूट्रिनो, तापून निघालेले न्यूट्रिनो

यवतमाळकडच्या आमच्या कॉलेजात बारावीच्या पोरांना सुपरनोव्हा, म्हणजे जड ताऱ्याचा शेवटचा स्फोट, विचारा, उत्तर पाठ असतं: दाब वाढला, प्रोटॉन-इलेक्ट्रॉन मिळून न्यूट्रॉन झाला, न्यूट्रिनो सुटला, तारा फुटला. यातलं काहीच खोटं नाही. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, कशालाही क्वचितच धडकणारा बारीकसा कण. पण तारा कोसळताना निघणाऱ्या न्यूट्रिनोंपैकी दहातला एकही या वाटेने येत नाही. बाकीच्यांचा जन्म वेगळा आहे, आणि दोघांची सरमिसळ पुस्तकांतसुद्धा होते.

पहिले चेपून निघालेले. जड ताऱ्याचा लोखंडी गाभा सूर्याच्या साधारण 1.4 पट वजनाचा झाला की स्वतःचा भार पेलत नाही आणि सेकंदाच्या आत कोसळतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जातात. दर वेळी एक न्यूट्रॉन, एक न्यूट्रिनो. न्यूट्रिनोच्या तीन जाती, आणि प्रत्येकीचा एक उलटा जोडीदार, प्रतिन्यूट्रिनो. हा न्यूट्रिनो फक्त इलेक्ट्रॉन जातीचा असतो, प्रतिन्यूट्रिनो कधीच नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच ठरतं.

हा न्यूट्रिनो लगेच सुटत नाही, गाभ्यातच अडकतो, असं म्हटलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो: "सर, कालच तर म्हनलं का थे पृथ्वीतून आरपार जाते म्हून, मंग आता अडकते कायले?"

प्रश्न बरोबर आहे. सूर्याचे न्यूट्रिनो आपल्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे 6,500 कोटी जातात, काही जाणवत नाही. पण सूर्याच्या गाभ्याची घनता घन सेंटीमीटरला 150 ग्रॅम. कोसळत्या गाभ्यात तेवढ्याच जागेत लाखभर टन भरतात. शिवाय इथले न्यूट्रिनो जास्त ऊर्जेचे, आणि ऊर्जा दुप्पट झाली की टक्कर व्हायची शक्यता साधारण चौपट होते. वरून जड अणुकेंद्रातले सगळे कण मिळून एकदमच त्याला ढकलतात. आखरावर पोळा भरल्यावर बैलजोड्यांच्या गर्दीतून निघणाऱ्या माणसासारखं त्याचं होतं: दोन पावलं पुढे, एक बाजूला, पुन्हा मागे. कोसळणं मात्र याहून वेगाने चाललेलं असतं, म्हणून तो आतच कोंडला जातो. गाभा आपटून उसळल्यावर धक्क्याची लाट विरळ थरापर्यंत पोचते, तेव्हा तिथले न्यूट्रिनो काही सहस्रांश सेकंदांत एकदम सुटतात. या झटक्यातली ऊर्जा एकूण न्यूट्रिनो-ऊर्जेच्या सुमारे 1 टक्का.

दुसरे तापून निघालेले. आत उरलेला नवजात न्यूट्रॉन तारा इतका तापलेला असतो की इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलटा जोडीदार पॉझिट्रॉन भिडून, न्यूट्रॉन एकमेकांवर आपटून, न्यूट्रिनो-प्रतिन्यूट्रिनोच्या जोड्या तयार होतात. तिन्ही जातींच्या. इथे प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हायलाच हवा असं नाही. उष्णता आहे तोवर जोड्या बनत राहतात. त्याही अडखळतच बाहेर येतात, म्हणून तारा निवायला दहाएक सेकंद लागतात. कोसळण्यातून मोकळी झालेली जवळजवळ 99 टक्के ऊर्जा न्यूट्रिनोंबरोबर जाते, आणि त्यातला मोठा हिस्सा या जोड्यांचा. आपण ज्या झगमगाटाला सुपरनोव्हा म्हणतो, तो उरलेल्या चिल्लरमधला.

पुरावा 23 फेब्रुवारी 1987 चा. मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, सुमारे 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षांवर, तारा कोसळला. जपानचं कामिओकांदे, अमेरिकेचं आयएमबी (या दोन्ही पाण्याच्या टाक्या) आणि रशियाचं बाक्सान या जमिनीखालच्या न्यूट्रिनो टिपणाऱ्या यंत्रांत मिळून दोन डझनांच्या आसपास नोंदी झाल्या. ताऱ्याचा प्रकाश वाढलेला दिसला तो काही तासांनी. नोंदी पसरल्या होत्या दहा-बारा सेकंदांवर, सहस्रांशांवर नव्हे. आणि त्या जवळजवळ सगळ्या होत्या प्रतिन्यूट्रिनोंच्या. नुसत्या चेपण्यातून प्रतिन्यूट्रिनो निघत नाही, म्हणजे तेव्हा सापडले ते तापलेलेच.

चेपलेल्यांच्या झटक्याची निर्विवाद खूण अजून कुठल्याच यंत्रात मिळालेली नाही. त्यासाठी तारा आपल्याच आकाशगंगेतला हवा. आर्द्रा एक उमेदवार आहे. हरभऱ्याला रात्रीच्या लाईटवर पाणी देताना मृगाशेजारी तांबूस दिसते तीच. दुसरं म्हणजे पाण्याच्या टाक्या प्रतिन्यूट्रिनोच जास्त पकडतात. इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो टिपायला द्रवरूप आर्गॉन बरा, म्हणून अमेरिकेत साउथ डकोटामध्ये जमिनीखाली ड्यून नावाचा प्रयोग उभा राहतो आहे.