इंग्रजीतली जवळच्या अर्थाची क्रियापदं

मराठीत एका शब्दात भागतं तिथे इंग्रजीत दोन-तीन क्रियापदं असतात आणि त्यातलं कुठलं कुठे लावायचं, हा ठाण्या-वाशीच्या स्पोकन इंग्लिश क्लासमध्ये हमखास अडणारा भाग. साधं 'बघणे' घ्या. सहज नजरेस पडलं तर सी, मुद्दाम नजर वळवली तर लुक ॲट, आणि काय चाललंय ते बघत बसलो तर वॉच. म्हणजे गर्दीत मित्र दिसला तर सी, स्टेशनवरच्या इंडिकेटरकडे बघितलं तर लुक ॲट. ऐकण्याचंही तसंच, हिअर आपोआप होतं, लिसन टू लक्ष देऊन.

पण खरा फरक बऱ्याचदा अर्थात नसतोच, क्रियापदाच्या मागेपुढे काय येतं त्यात असतो आणि माझ्या मते हेच आधी शिकवायला हवं. 'टेल'ला लगेच पुढे माणूस चालतो, 'से'ला मध्ये टू लागतो. आपण 'मला म्हणाला' बोलतो म्हणून 'ही सेड मी' तोंडात येतं. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी १९४२ साली सहकाऱ्यांसोबत केलेल्या कोशात क्रियापदांचे असे साचेच दिले होते, पुढे १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने काढला.

लोकलवाल्यांसाठी जवळचं उदाहरण म्हणजे 'सुटणे'. ठाण्याहून कर्जत फास्ट सुटली तर द ट्रेन लेफ्ट, पण 'माझी कर्जत सुटली' म्हणजे आय मिस्ड इट. उतरायचं तर ट्रेन-बसमधून गेट ऑफ आणि रिक्षा-कारमधून गेट आऊट ऑफ. आत उभं राहून चालता येत असेल तर ऑफ, ही खूण बहुतेक वेळा चालते. 'गेट डाऊन' आपल्याकडे सर्रास बोलतात आणि सगळ्यांना कळतंही, फक्त ब्रिटिश-अमेरिकन माणूस गाडीतून उतरताना सहसा ते वापरत नाही.

घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, त्याचं आय ॲम कमिंग केलं की समोरच्याला वाटतं हा इकडेच येतोय, तिथे आय ॲम ऑफ म्हणावं.

राइज-रेज मात्र सोपं, स्वतः वर जाणं आणि दुसऱ्याला वर नेणं, आपल्या 'चढणे-चढवणे'सारखं. लाय-ले तसंच असायला हवं, आडवं पडणं आणि आडवं ठेवणं, पण लायचा भूतकाळच ले होतो, त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही तिथे सारखे चुकतात.