गावरान वाणाची नोंदणी आणि बक्षीस: अर्ज पीक उभं असतानाच तयार करा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये 'पटेल 3' धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेचून, वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी एचएमटी वाण घडवलं. धान दूरदूर गेलं, पण त्यामागचा माणूस बराच काळ कुणाला ठाऊक नव्हता. वाण घडवणाऱ्याला आणि जुनं वाण जपणाऱ्याला नाव व मोबदला मिळावा, यासाठी 'पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001' आहे. त्यात शेतकऱ्यासाठी दोन वेगळी दारं आहेत, नोंदणीचं आणि बक्षिसाचं. अर्ज भरायला बसलं की बहुतेकांचा इथंच घोळ होतो.

नोंदणी

शेतकऱ्यांनी आपल्या शेतात परंपरेनं पिकवलेलं, निवडीतून घडवलेलं वाण 'शेतकरी वाण' म्हणून नोंदवता येतं. एकटा शेतकरी, शेतकऱ्यांचा गट किंवा गावसमाज, कुणीही अर्ज करू शकतो. पीक मात्र अधिसूचित यादीतलं हवं. धान, ज्वारी, तूर, हरभरा, कापूस ही आपली नेहमीची पिकं यादीत आहेत. पोपट (वाल), बरबटी (चवळी) यांसारखं काही असेल तर आधी यादी तपासून घ्या.

वाण नवंच असलं पाहिजे, अशी अट नाही. ते इतरांपेक्षा वेगळं, एकसारखं आणि पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारं असावं. एकसारखेपणात शेतकरी वाणाला थोडी सूट आहे, तरी अर्ज अडतो तो बहुधा इथंच. घरच्या कणगीतल्या बियाण्यात भेसळ असतेच. फुलोऱ्यात बांधीतून फिरून उंच-बुटकी, वेगळ्या रंगाची झाडं उपटून टाका आणि उरलेल्यातूनच बियाणं राखा. अर्जानंतर ठरावीक वजनाचं बियाणं चाचणीसाठी द्यावं लागतं.

अर्जात वाणाचं नाव, ते कसं ओळखायचं, किती वर्षांपासून कुठं पिकवलं जातं हे लिहायचं. नाव नुसत्या आकड्यांचं चालत नाही आणि गावाचं नाव घालण्यावरही बंधन आहे. त्या नावाचा वापर प्रामाणिक आहे असं वाटलं तर निबंधक, म्हणजे वाणांची नोंदणी करणारा अधिकारी, अपवाद करू शकतो. अर्जावर शिफारस लागते. ती ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा आदिवासी विकास कार्यालय, यांपैकी एकाची चालते. विदर्भात विद्यापीठ म्हणजे अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. माझा सल्ला विचाराल तर आधी ग्रामपंचायत गाठा. समिती कागदावर असते, पण तिच्या अध्यक्षांनाच ते माहीत नसतं, असंही पाहिलंय. लोकजैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या वाणांची-वनस्पतींची नोंद असलेल्या समितीच्या वहीत, तुमच्या वाणाची ओळ आहे का बघा, नसेल तर टाकून घ्या.

शेतकऱ्याला या कायद्याखाली फी माफ आहे. फाइल सरकवायला कुणी पैसे मागत असेल तर अर्ज उचला आणि दुसरीकडं जा.

अर्ज स्वीकारला की तो जाहीर होतो आणि हरकतीसाठी तीन महिने असतात. नोंदणीचं संरक्षण झाडं-वेलींना एकूण 18 वर्षं, बाकी पिकांना 15 वर्षं, मधल्या नूतनीकरणासह. शेजाऱ्याला बियाणं देता येईल का, असं सगळे विचारतात. येईल. पेरणं, राखणं, बदलणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क कलम 39 मध्येच आहे. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.

बक्षीस

वाण जपणाऱ्याला मिळणारी बक्षिसाची रक्कम राष्ट्रीय जनुक निधीतून येते. गावसमाजाला 10 लाख, शेतकऱ्याला दीड लाख आणि सन्मानपत्राच्या गटात 1 लाख रुपये. हा कायदा राबवणारं दिल्लीचं प्राधिकरण अर्ज मागवतं, इथंही स्थानिक शिफारस लागते. नुसतं वाण जुनं असून भागत नाही, तुम्ही ते जपलं हे दाखवावं लागतं. त्यामुळे वही ठेवा: कुठल्या सालापासून, किती गुंठ्यांत, कुणाकुणाला किती पायली बियाणं दिलं. सातबारावर पीकपाहणीत 'धान' एवढंच येतं, 'लुचई' असं वाणाचं नाव येत नाही. ती उणीव वहीच भरून काढते. जोडीला आधार, बँक पासबुक आणि शेतातल्या पिकाचे, लोंबीचे, दाण्यांचे फोटो ठेवा. जंगलकाठच्या गावात सातबारा नसेल तर वनहक्काचा पट्टा जोडा.

बियाण्याचा नमुना जनुक पेढीत, म्हणजे बियाणं जपून ठेवणाऱ्या सरकारी साठ्यात, देऊन ठेवणंही शहाणपणाचं. राष्ट्रीय वनस्पती जनुक संपदा ब्युरोचं प्रादेशिक केंद्र अकोल्यातच आहे.

भिवापुरी मिरची, वायगाव हळद, भंडारा चिन्नोर यांना मिळालं ते भौगोलिक मानांकन. तो कायदा वेगळा, अर्जही वेगळा. आणि सेंद्रिय शेतीचं अनुदान हवं असेल तर ते परंपरागत कृषी विकास योजनेत, गटातून, आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयामार्फत मिळतं. वाणाच्या अर्जात ते गुंतवू नका.

हलक्या (लवकर येणाऱ्या) धानाची कापणी आटोपली असेल तर फोटोसाठी पुढच्या खरिपाची वाट पाहावी लागेल. भारी (उशिरा येणारं) धान अजून बांधीत असेल तर मोबाइल घेऊन उद्याच जा, आणि फोटोत लोंबीशेजारी मोजपट्टी धरायला विसरू नका.